टाळेबंदी, विद्यार्थी आणि हिशेबात नसलेली पावलं

पायपीट

परवा जुना फोन द्यायला काढला. पुसून टाकण्याआधी आत काय काय आहे ते चाळत बसलो, तर पावलं मोजायचं ॲप सापडलं. सरळ मार्च २०२० वर गेलो. पहिले दहा-बारा दिवस रोज साडेआठ-नऊ हजारांचे उभे खांब, आणि मग कडेलोट. एप्रिलमधल्या एका मंगळवारी ११४. फोन दुसरीकडे ठेवला असेल म्हणावं, तर त्या दिवसांत तो हातातून सुटतच नव्हता. पलंग, टेबल, न्हाणीघर, पलंग. झाली ११४.

गंमत अशी की मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि 'व्यायाम' म्हणावं असं काहीही करत नव्हतो. जिमची पायरी चढलो नव्हतो, पहाटे उठून पळालो नव्हतो. मग ती साडेआठ हजार यायची कुठून? बसून हिशेब केला. बसथांब्यापासून फाटक, फाटकापासून तिसरा मजला, दोन तासांनी प्रयोगशाळा म्हणजे पलीकडची इमारत, मग ग्रंथालय, तिथे जागा नाही म्हणून परत, सरांची सही राहिली म्हणून पुन्हा तिसरा मजला, आणि संध्याकाळी 'चल, तुला थांब्यापर्यंत सोडतो' करत एकमेकांना तीन-तीन वेळा सोडणं. यातलं एकही पाऊल मी तब्येतीसाठी टाकलेलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं. त्यानंतर काय झालं हे एका पावलं मोजणाऱ्या ॲपच्या १८७ देशांतल्या साडेचार लाखांवर वापरकर्त्यांच्या नोंदींतून दिसलं. पहिल्या १० दिवसांत सरासरी पावलं साडेपाच टक्क्यांनी घटली, ३० दिवसांत २७ टक्क्यांनी. म्हणजे कडेलोट माझ्या एकट्याचा नव्हता. पण विद्यार्थ्यांचा कडा जास्त उंच निघाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात काही विद्यार्थ्यांच्या मनगटावर एका अभ्यासासाठी साथीच्या आधीपासूनच हालचाल मोजणारे पट्टे होते. त्यांची सरासरी रोजच्या १०,००० वरून ४,६०० वर आली. झोप २५-३० मिनिटांनी वाढली, माणसांत जाणारा वेळ निम्म्याहून कमी झाला आणि अर्ध्या तासाच्याही आत आला, पडद्यापुढचा वेळ दुपटीहून वाढून ५ तासांवर गेला. मार्च ते जुलै २०२० या काळात त्यांच्यापैकी ४६ ते ६१ टक्के जण नैराश्याच्या धोक्याच्या रेषेपलीकडे होते.

ही यादी वाचताना मला माझीच रोजनिशी कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. झोप वाढली होती, पण उठल्यावर अंग जड. दुपारी दोनला माझी सकाळ व्हायची. ऑगस्टमध्ये एका मित्राचा फोन आला, 'काय करतोयस?' आणि मला खरोखर उत्तर सुचेना.

तर तुमचं काय झालं? विद्यार्थी असाल, शिकवणारे असाल, पालक असाल. हालचालीचं काय केलंत, आणि त्यातलं आज काय उरलंय?

मधली सुट्टी

पहिली मी!

माझं उलटं झालं. आयुष्यात पहिल्यांदा नेमाने व्यायाम केला तो २०२० मध्येच. आम्ही चौघी, संध्याकाळी पावणेसहाला व्हिडिओ कॉल. कॅमेरा चालू, माइक बंद, कारण सगळ्यांची धापा टाकायची गती वेगळी आणि ऐकायला भयंकर. बैठका, दोरीवरच्या उड्या, मग जमिनीवर आडवं पडून छताकडे बघत गप्पा. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मास्कच्या आतून म्हणाले, 'अगं, आमचा पंखा हलतो.' दोरी बंद झाली. मग आवाज न करता उडी कशी मारायची यावर आम्ही आठवडाभर संशोधन केलं. जमत नाही, सांगून ठेवते.

पण एक कबूल करते. त्यातल्या पाऊण तासात खरा व्यायाम वीस मिनिटं असायचा. मी सकाळी उठायचे ते पावणेसहा वाजतील म्हणून. एकदा एकीचं नेट गेलं, दुसरीला बरं नव्हतं, तिसरीची परीक्षा होती. मी एकटीच मॅटवर उभी राहिले आणि पाच मिनिटांत मॅट गुंडाळून ठेवली.

आता चौघी चार ठिकाणी नोकरीला. मॅट कपाटावर आहे, बहुधा.

उलटतपासणी

धागा चांगला आहे, पण धागाकर्त्याने अभ्यास अर्धाच सांगितलाय. उरलेला अर्धा मी सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

पिट्सबर्गच्या संशोधकांना दिसलं की ज्यांची हालचाल जास्त कोलमडली त्यांच्यात नैराश्याचा धोका जास्त. इथवर आपल्या सगळ्यांना हवं तेच ऐकायला मिळतं. म्हणून त्यांनी पुढे प्रयोगही केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली आणि एका गटाला थोड्या दिवसांसाठी आमिष दाखवून चालायला लावलं. चालणं वाढलं. मनःस्थितीत म्हणावा असा फरक पडला नाही. हे त्यांनी शोधनिबंधाच्या सारांशातच स्वच्छ लिहिलंय. पण 'चाला आणि आनंदी व्हा' छापाच्या बातम्यांत हे वाक्य गळतं.

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा नाही. नैराश्यावर व्यायामाचा उपयोग होतो याचे पुरावे साथीच्या आधीपासून आहेत, फक्त काटेकोर चाचण्याच तेवढ्या धरल्या की परिणामाचा आकार लहान होतो. शिवाय इथे प्रयोगही छोट्या मुदतीचा होता. पण 'हालचाल थांबली म्हणून मन खचलं, ती चालू केली की मन सुधारेल' हे गणित तितकं सरळ नाही. मन खचलेला माणूसही कमी हलतो. आणि दोन्हींमागे तिसरंच काही असू शकतं.

अवांतर: पुढच्या प्रतिसादात कुणीतरी एंडॉर्फिन, म्हणजे व्यायामाने शरीरात तयार होणारं 'आनंदाचं रसायन', म्हणणारच आहे, म्हणून आधीच. पळाल्यावर जी मस्त तंद्री लागते तिचं श्रेय अलीकडे शरीरातच तयार होणाऱ्या कॅनाबिनॉइड (भांगेतल्या द्रव्यांसारख्या) रसायनांना जास्त दिलं जातं. एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत.

पायपीट

@उलटतपासणी, पकडलंत. ते वाक्य मी वाचलं होतं आणि धाग्यात घातलं नाही. लबाडी म्हणा हवं तर. पण ते मला गेले दोन दिवस छळतंय, आणि ते वाचल्यावर मला माझ्याच पावलांचा उलगडा झाला असं वाटतंय.

ऑक्टोबर २०२० मध्ये मी चालायला लागलो होतो. गच्चीवर, टाकीला वळसे घालत. कुठेतरी वाचून रोज १०,००० चा पण केला होता. तीन आठवडे केलं. आलेखात ते खांब दिसतात, मार्चच्या खांबांपेक्षा उंचच. आणि मला त्या तीन आठवड्यांतलं काहीच आठवत नाही. टाकीला पडलेली भेग आठवते. डावीकडून चौथ्या फेरीला ऊन डोळ्यांवर यायचं ते आठवतं.

मार्चची साडेआठ हजार पावलं कुणाकडे तरी जात होती. सरांकडे, प्रयोगशाळेकडे, कँटीनच्या कोपऱ्यातल्या बाकाकडे. ऑक्टोबरची दहा हजार टाकीभोवती. यंत्राला दोन्ही सारखीच. त्या प्रयोगातल्या मुलांना पावलं परत मिळाली, पण ती पावलं जिकडे जायची ते काही परत मिळालं नाही, असं माझं म्हणणं. शास्त्रीय नाही हे मान्य.

मधली सुट्टी यांचे पावणेसहा वाजायचे, माझे वाजत नव्हते.

शेवटचा बाक

फार गंभीर झालंय, जरा माझी कहाणी ऐका.

आमच्याकडे शारीरिक शिक्षणाला गुण होते. परीक्षा ऑनलाइन. सूचना आली: २० बैठका, १५ जोर, आणि एका जागी ३ मिनिटं धावणे, सलग चित्रीकरण, चेहरा दिसला पाहिजे, फाइल २५ एमबीच्या आत. आता सलग चित्रीकरण आणि २५ एमबी या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, हा त्या सत्रातला सगळ्यात अवघड पेपर होता. मी बैठका केल्या. फाइल ९० एमबी. दर्जा कमी करून परत. ४० एमबी. आणखी कमी केला तर चेहरा दिसेना, एक तपकिरी ठिपका खालीवर होतोय एवढंच. पाचव्यांदा बैठका करताना धाकट्या भावाने मोबाइल धरला होता, त्याचा हात दुखला म्हणून त्याने तो खाली केला आणि माझे फक्त गुडघे आले.

शेवटी मी एकूण १०० बैठका काढल्या असतील. पुढचे दोन दिवस जिना उलटा उतरत होतो. पण सांगायचं म्हणजे त्या वर्षात शाळेने 'हल जरा' असं सांगितलेलं ते तेवढं एकदाच. आणि तेही मोजून गुण द्यायला.

गुण पूर्ण मिळाले. गुडघ्यांच्याच फाइलला.

खडूची धूळ

@शेवटचा बाक, हसून पुरेवाट. पण मी पलीकडच्या बाजूला होते, तेव्हा थोडं तिकडचंही सांगते. मी महाविद्यालयात शिकवते.

एप्रिल २०२० मध्ये जगभर मिळून १५० कोटींहून जास्त विद्यार्थी वर्गाबाहेर होते, असं युनेस्कोचे आकडे सांगतात. सगळ्यांना एकच घाई: अभ्यासक्रम पुरा करा. आमच्याकडे ऑनलाइन वेळापत्रक बनलं त्या बैठकीत मी होते. नेहमीच्या वेळापत्रकात दोन तासांमध्ये दहा मिनिटं असतात. कुणीतरी म्हणालं, 'ही कशाला? आता खोली कुठे बदलायचीय?' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मिनिटभरात विषय संपला. दिवसाला अशी चार अंतरं होती, म्हणजे चाळीस मिनिटं गेली. पायपीट म्हणतात ती हिशेबात नसलेली पावलं आम्हीच खोडली, आणि वेळ वाचवला म्हणून खूश झालो.

मग चार तास सलग. माझ्यापुढे ६२ काळे चौकोन. मध्येच एखादा चौकोन चुकून उजळायचा. एकदा एक मुलगी दिसली, पलंगावर आडवी, लॅपटॉप पोटावर, डोळे उघडे. ती झोपलेली नव्हती. ऐकतही नव्हती. दोन सेकंदांत कॅमेरा बंद झाला. ते दोन सेकंद मला अजून दिसतात.

दुसऱ्या सत्रात मी न विचारता माझ्या तासातली शेवटची दहा मिनिटं सोडून द्यायला लागले. पहिल्यांदा 'उठा, हात-पाय हलवा' असं सांगून बघितलं. कुणी हललं नसावं, कळायला मार्गही नव्हता. मग एक दिवस म्हटलं, 'खिडकीशी जा, पहिल्यांदा दिसेल ती वस्तू चॅटमध्ये लिहा.' लिहिलं! वाळत घातलेले कपडे, मांजर, समोरच्या गच्चीत एकटाच क्रिकेट खेळणारा माणूस, 'मॅडम, मला खिडकी नाही, मी दारात आलोय'. पुढच्या तासाला त्यांनीच विचारलं, आज काय शोधायचं? कधी निळं काही, कधी घरातली सगळ्यात जुनी वस्तू. चालून चालून किती चालली असतील, शंभर पावलं? पण चौकोन उजळायला लागले, सात-आठ तरी.

यातून कुणाचं नैराश्य गेलं असा माझा मुळीच दावा नाही. @उलटतपासणी, आधीच सांगून ठेवते. :)

उलटतपासणी

मॅडम, मी काही म्हणालोच नाही.

धाप

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एक बाजू इथे कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो, ती म्हणजे ज्यांना आजार होऊन गेला त्यांची.

२०२१ मध्ये माझ्याकडे कॉलेजची मुलं यायला लागली. साधा कोविड, घरीच बरे झालेले. तक्रार एकच: पूर्वीसारखं होत नाही. त्यातले खेळाडू सगळ्यात वाईट अवस्थेत, कारण त्यांनी घाम गाळून सगळं ठीक होतं हे लहानपणापासून ऐकलेलं. ताप उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी मैदानावर. तेव्हा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉक्टरांसाठी आलेला सल्ला असा होता: निदान ७ दिवस एकही लक्षण नसेल तरच सुरुवात, आणि त्यानंतरही किमान २ आठवडे अगदी हलक्या श्रमांवर. मग पायरीपायरीने. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यांपैकी काही असेल तर आधी तपासणी, कारण हृदयाच्या स्नायूला सूज असताना जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो.

दुसरा गट आणखी अवघड. यांना श्रम केले की त्याच वेळी काही होत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी कोसळतात. डोकं जड, अंग शिणलेलं, एक पान वाचून लक्षात राहत नाही. लांबलेल्या कोविडमध्ये हे बऱ्याच जणांत दिसतं. इथे 'रोज थोडं थोडं वाढव' हा नेहमीचा सल्ला उलटतो. आधी आपल्या ताकदीची मर्यादा ओळखायची, तिच्या आत राहायचं आणि मध्ये मध्ये थांबायचं. अभ्याससुद्धा श्रमच आहे, हे तर घरी कुणालाच पटत नाही.

एक मुलगा आठवतो, विसाव्या वर्षाचा. वडील सोबत आले होते. 'आळशी झालाय, तुम्हीच जरा पळवा याला.' मी त्याला सात दिवस दिवसभरात काय केलं आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं एवढंच लिहून आणायला सांगितलं. आठव्या दिवशी कागद बघितला. दर वेळी एकच: सोमवारी धावपळ, बुधवारी पलंग. मी तो कागद वडिलांपुढे सरकवला. ते बराच वेळ बोटाने ओळी जुळवत राहिले. मग मुलाला म्हणाले, 'मला सांगितलं का नाहीस?' मुलगा म्हणाला, 'सांगत होतो की.'

तेव्हा धाग्यात कुणी 'उठा, पळा' लिहिणार असेल तर हेही वाचा.

मधली सुट्टी

@धाप, 'सांगत होतो की' वाचून कसंतरी झालं.

घरचा अभ्यास

विद्यार्थी म्हटलं की सगळे कॉलेजवरच घसरलेत. शाळकरी मुलांचं काय?

आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. मुलांच्या हालचालीवरचे बरेच अभ्यास २०२२ मध्ये एकत्र करून बघितले गेले, तेव्हा साथीच्या काळात हालचाल २० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. दम लागणाऱ्या हालचालीतली घट दिवसाला १७ मिनिटांची. १७ मिनिटं! मी हसलो. आमच्याकडे तर ६० ची ६० गेली होती. सरासरीत आमचं घर कुठे बसतं कोण जाणे.

त्याच्या हालचालीपेक्षा त्याच्या चष्म्याने मला गाठलं. चीनमध्ये सव्वा लाखाच्या आसपास मुलांची दरवर्षी शाळेत नजर तपासली जायची. तिथे सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचं (लांबचं धूसर दिसण्याचं) प्रमाण आधीच्या पाच वर्षांत कधी ५.७ टक्क्यांवर गेलं नव्हतं, ते २०२० मध्ये २१.५ झालं. मोठ्या मुलांमध्ये एवढा फरक नव्हता. हे घडलं ते काही महिने घरात कोंडल्यावर. बाहेरचा उजेड आणि लांबवर बघणं हे डोळ्यांना लागतं म्हणे. म्हणजे 'जा, बाहेर खेळ' हे जे माझी आई ओरडायची, त्यात पायांइतकाच डोळ्यांचाही फायदा होता. तिला अर्थात आम्ही घराबाहेर हवे होतो, बाकी काही नाही.

निनावी वाटसरू

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये.

सगळे 'हालचाल कमी झाली' म्हणताहेत. माझी वाढली, आणि तोच माझा आजार होता. २०२० मध्ये सगळीकडे एकच सूर होता: एवढा वेळ पुन्हा मिळणार नाही, या काळात शरीर घडवलं नाहीत तर तुमच्यात शिस्तच नाही. मी १९ वर्षांचा. परीक्षा कधी होणार माहीत नाही, निकाल लागेल की नाही माहीत नाही, घरात पैशांची ओढाताण. माझ्या हातात होतं ते एकच, माझं शरीर. तर मी त्याच्या मागे लागलो.

सकाळी तासभर, दुपारी अर्धा, रात्री सगळे झोपल्यावर खोलीत अंधारात. मनगटावरचं घड्याळ दिवसाच्या हालचालीचे तीन गोल पूर्ण झाले की पडद्यावर आतषबाजी दाखवायचं. एकदा रात्री ११:५० ला ४०० पावलं कमी होती, ताप होता, तरी मी पलंगापाशी उभ्या उभ्या पाय आपटत पुरी केली. आतषबाजी झाली. त्या वेळी मला आनंद झाला नाही, सुटका झाली. फरक कळायला दोन वर्षं आणि समुपदेशक लागला. खाण्याचंही मग बिघडत गेलं, ते इथे लिहीत नाही. एवढंच की त्या काळात अशा आजारांनी दवाखान्यात येणाऱ्या तरुण मुलांची संख्या अनेक देशांत वाढली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं मी एकटाच.

आणि घरचे, मित्र, सगळे वाहवा करत होते. 'बघ, याने वेळेचं सोनं केलं.' वजन उतरलेल्या मुलाला कुणी विचारत नाही, बरा आहेस ना?

आता घड्याळ नाही. पोहतो, आठवड्यातून दोनदा, फेऱ्या मोजत नाही. मोजायला लागलो की बाहेर येतो.

पायपीट

@निनावी वाटसरू, लिहिलंत, बरं केलंत. आलेख दाखवून धागा मीच सुरू केला, त्यामुळे जरा ओशाळलो.

उलटतपासणी

मी इथे खुसपटं काढायलाच येतो, पण वरच्या प्रतिसादावर खुसपट नाही.

आकड्यांवरून आठवलं ते सांगतो. हे १०,००० कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं'. गोल आकडा, लक्षात राहणारं नाव. तिथून तो जगभर चिकटला. त्यावर निनावी वाटसरूंच्या रात्री जाव्यात याची मला चीड येते. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन साथीत, जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पावलांचा आकडाच नाही. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किंवा त्याच्या निम्मी जोराची. शिवाय पूर्वी सलग १० मिनिटं झाली तरच धरा अशी अट होती, ती काढून टाकली. जिना चढलात, धरा. म्हणजे पायपीट यांची 'सरांची सही राहिली' ही चक्करही आता अधिकृत.

आणि सवयीबद्दल: २१ दिवसांत सवय लागते हे सर्वांना पाठ असतं. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांना बघितलं, तर सरासरी ६६ दिवस निघाले, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. त्यात सवय बांधली होती ती रोज ठरलेल्या खुणेला. अमुक झालं की तमुक करायचं. टाळेबंदीत खुणाच गेल्या होत्या. घंटा नाही, बस नाही, 'चल' म्हणणारा नाही. मधली सुट्टी यांच्याकडे पावणेसहाचा कॉल ही खूण होती. कॉल गेला, मॅट कपाटावर गेली. यात इच्छाशक्तीचा संबंध थोडा आहे, फार नाही.

मधली सुट्टी

निदान मला आळशी तरी नाही म्हणालात. मॅट शोधली. कपाटावर नव्हती, आईने ती गॅलरीत कुंड्यांखाली अंथरली आहे.

शेवटचा बाक

@खडूची धूळ मॅडम, त्या दहा मिनिटांचं पुढे काय झालं? कॉलेज उघडल्यावर ठेवलीत का?

खडूची धूळ

ठेवायची गरजच पडली नाही. खोल्या बदलणं परत आलं, तशी अंतरंही आपोआप आली. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना मुलं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायची, कठड्याला टेकून, बॅगा खाली ठेवून. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती विद्यार्थ्यांना नाही. मलाही दम लागायचा, मीही त्यांच्यातच टेकायचे. ६२ जणांपैकी निम्म्यांचे चेहरे मी पहिल्यांदा त्या वळणावर बघितले. 'मॅडम, मी खिडकी नसलेला', असं म्हणत एकाने ओळख करून दिली.

दोन महिन्यांत दम लागायचा बंद झाला, पण थांबायचं काही बंद झालं नाही. आता ती सगळी पास होऊन गेली, नवीन मुलांना त्या जागेचा इतिहास माहीत नाही, तरी तीही तिथेच थांबतात. गेल्या सोमवारी शेजारच्या विभागाकडून लेखी तक्रार आली: दोन तासांच्या मध्ये तुमचे विद्यार्थी जिन्यात गोंधळ घालतात, कृपया त्यांना थेट वर्गात जाण्याची समज द्यावी.

पत्र टेबलावर आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.